पहिली फेरी कुणी मारली

३ जून

टिटवे,

पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं बघून भुवया वर करू नकोस. घरी फोन केला की तो तुझा बाबा, म्हणजे आमचा दादा, उचलतो आणि तुझ्याकडे दिला तरी तिथेच खुर्चीत बसून पेपर वाचल्यासारखं करतो. आपल्या घराण्याचे कान तुला ठाऊक आहेत. म्हणून पत्र. उत्तरही माझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर पाठव आणि तुझ्या बाबाजवळ विषय काढू नकोस. का, ते विचारू नकोस. तुझं नाव टिटवी मीच ठेवलंय, त्यामुळे तू विचारणारच, पण तरी.

काम असं आहे. आमच्या लिफ्टवाल्यांच्या संघटनेनं यंदा मला अध्यक्ष केलंय. दोन ऑगस्टला कायद्याच्या समितीपुढे उभं राहून लिफ्ट कायद्यातलं कलम चौदा काढून टाका, असं सांगायचंय. तू कायद्यांचे मसुदे लिहितेस, पण सगळी कलमं काही पाठ नसतील, म्हणून सांगतो. लिफ्टची दुरुस्ती झाली की ज्यानं ती केली त्यानंच आधी एकट्यानं आत बसायचं, खालून वर आणि वरून खाली, प्रत्येक मजल्यावर थांबत. मग कार्डावर सही. त्यानंतरच लोकांनी बसायचं. आमच्या धंद्यात याला पहिली फेरी म्हणतात. आधी ती नुसती रीत होती, पुढे तिचं कलम झालं. आता लिफ्टमधलं यंत्र आपली तब्येत आपणच कंपनीला कळवतं, मग माणसाचा पाऊण तास कशाला घालवायचा, असं कंपन्यांचं म्हणणं आहे.

भाषण इंग्रजीत हवं. माझं इंग्रजी ग्राहकाला घाबरवण्यापुरतं आहे. परवाच्या बैठकीत कंपनीच्या वकिलानं 'अ‍ॅब्रोगेट' असा शब्द तीनदा वापरला, आणि तिन्ही वेळा समोरचे लोक सरळ बसले. मला तसा शब्द हवाय, लोक सरळ बसतील असा. शिवाय आमच्याविरुद्ध कामगार संघटनेच्या बाई बोलणार आहेत. कंपन्या जबाबदारी टाळतायत, असं त्या म्हणणार. ते त्या कुठल्या कुठल्या शब्दांत म्हणतील हे आधी कळलं, तर मला तोंड तयार ठेवता येईल.

एवढं कर. माझ्याकडून तुला पाठीवर एक धपाटा आणि पुष्कळसं प्रेम.

काका


११ जून

प्रिय काका,

भुवया वर गेल्याच. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलंही, "हाताने लिहिलेलं पत्र? कोण गेलं?"

शब्द घे. कायदा ज्यांनी केला त्यांनीच तो रीतसर मागे घेतला की 'रिपील'. तुला हवा तो हाच, पण साधा आहे, कुणी सरळबिरळ बसणार नाही. 'अ‍ॅब्रोगेट' म्हणजे तेच काम, पण कोट घालून केलेलं. दिलेला हुकूम परत घेतला तर 'रिसिंड', परवाना काढून घेतला तर 'रिव्होक'. आणि 'अनल' म्हणजे अमुक एक गोष्ट मुळात झालीच नव्हती असं जाहीर करणं. लग्नाच्या बाबतीत लोकांना हा फार आवडतो.

आता बाईंच्या भात्यातले. 'शर्क' म्हणजे अंग चोरणं. 'इव्हेड' म्हणजे बगल देणं. 'मॅलिंगर' म्हणजे आजारपणाचं सोंग काढणं. जी जबाबदारी आपलीच होती ती खाली ठेवून चालू लागलं तर 'अ‍ॅब्डिकेट', राजे सिंहासन सोडतात तेव्हा वापरतात तो. सगळ्यांत जड आहे 'डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी', कर्तव्य वाऱ्यावर सोडणं. तो भाषणात कमी आणि चौकशीच्या अहवालात जास्त भेटतो. एकदा कागदावर आला की माणूस त्या खात्यात पुन्हा दिसत नाही.

आणि ऐक, कलम चौदाची फाइल माझ्याच टेबलावर आली आहे. ते रद्द करण्याचं टिपण मलाच लिहायचंय. तुला शब्द शिकवणं नियमात बसतं का, ते मी पाहिलं. शब्द शब्दकोशात सगळ्यांना मिळतात, तेव्हा बसत असावं.

बाबा मजेत. शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाला तरी सकाळी सातला तयार असतो. दूध आणायला जातो आणि पाच मजले जिन्यानं चढून येतो. बंद जागेची भीती असते काहींना. "भाऊ लिफ्टवाला, आणि हे लिफ्टला भितात," म्हणून खालच्या डॉक्टरीणबाई चिडवतात. तो हसतो.

तुझी टिटवी


१९ जून

टिटवे,

शब्द वहीत उतरवले आणि लगेच माणसांना वाटून टाकले, नाहीतर लक्षात राहत नाहीत. मॅलिंगर आमच्या स्टोअरकीपरला दिला. त्याची कंबर सोमवारी धरते आणि शनिवारी दुपारी सुटते. इव्हेड एका बिल्डिंगच्या सेक्रेटरीला, लिफ्टच्या दुरुस्तीचा विषय निघाला की तो पाणी प्यायला उठतो. अ‍ॅब्डिकेट आमच्या व्याह्यांना दिला, त्यांना सिंहासन शोभतं.

मग अ‍ॅब्रोगेटची रंगीत तालीम म्हणून बोक्याला हाक मारली. बोका म्हणजे माझा मुख्य मेकॅनिक. कुठूनही पडला तरी पायांवर उतरतो, म्हणून बोका. त्याला म्हटलं, "आपण कलम चौदा अ‍ॅब्रोगेट करणार."

"काढून टाकणार म्हणा की साहेब. मग पहिली फेरी कोण मारणार?"

"कुणीच नाही. यंत्र सांगेल, सगळं ठीक आहे म्हणून."

"यंत्र स्वतः बसणार का आत?"

मी म्हटलं, "तुला त्या युनियनच्या बाईंनी फितवलंय."

"बाईंना मी पाहिलंही नाही. पण कलम असो नसो, मी बसणार. खाली सही माझी असते."

आणि पाना उचलून गेला. माणूस कामाचा आहे, पण वाद घालायला सोयीचा नाही.

'अनल' मात्र कुणाला द्यावा ते कळेना. झालेली गोष्ट झालीच नव्हती, असं खरंच कुणी जाहीर करू शकतं? कोण करतं? अर्ज कुठे द्यायचा? थट्टा करतोय. डेरेलिक्शनही तसाच पडून आहे, कुणाला दिला नाही.

बरं, ती फाइल किती मागे जाते? नुसतं कलमच आहे, की ते का केलं त्याचेही कागद आहेत? सहज विचारतो. आणि दादाला बंद जागेची भीती आहे हे तुला कुणी सांगितलं?

काका


२ जुलै

काका,

बंद जागेची भीती आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं.

फाइल एकतीस वर्षं मागे जाते. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षापर्यंत. तुला हे ठाऊक आहे, पण मी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. चार मजली इमारत. लिफ्टच्या ब्रेकचं काम झालं, कार्डावर 'पहिली फेरी झाली' अशी सही. दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसांना घेऊन तिसऱ्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट थांबलीच नाही, थेट खड्ड्यात आदळली. तिघांना मार लागला. चौथी शिवणकाम करणारी बाई, तिचा उजवा पाय कायमचा अधू झाला. तिचं मशीन पायानं चालवायचं होतं, असं अहवालात कंसात लिहिलंय.

परवानाधारक म्हणाला, फेरी मारली होती. इमारतीचा पहारेकरी म्हणाला, लिफ्ट रिकामीच वर जाऊन खाली आली, आत कुणीही बसलं नाही. परवानाधारकाला विचारलं, फेरी कुणी मारली? 'उत्तर देण्यास नकार.' निष्कर्ष: डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी, शिवाय खोटं निवेदन. परवाना रिव्होक. त्याच अहवालाच्या शिफारशीवरून कलम चौदा.

परवानाधारकाचं नाव मी दोनदा वाचलं. मग पाणी पिऊन येऊन तिसऱ्यांदा वाचलं.

बाबा तुझ्याबरोबर 'थोडे दिवस' होता, एवढंच मला घरात सांगितलं गेलं. मी तिसरीत असताना गृहपाठाबद्दल खोटं बोलले, तर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. आता तो जिना चढताना पावलं ऐकू येतात आणि मला वाटतं, हा माणूस रोज शिक्षा भोगतोय आणि आम्ही वर कुकर लावून बसलोय. मी त्याच्याशी धड बोलत नाही. डोकं दुखतं म्हणून सांगते. म्हणजे मॅलिंगर.

तुझ्या चोरून पत्रं लिहिण्याचा अर्थ आता कळला. कलम गेलं की फाइल बंद होईल आणि बाबाचं नाव कुणी पुन्हा वाचणार नाही. त्याला झाकायला तू निघालास. तुझे आभार मानू की तुझ्यावर रागावू, ते अजून ठरत नाही.

टिटवी


१४ जुलै

काका,

बारा दिवस झाले. भाषणाच्या तयारीत असशील.

बावीस तारखेला मला टिपण पुढे पाठवायचंय. त्यात एक वाक्य आहे: 'सदर कलमाचे मूळ एका परवानाधारकाच्या वैयक्तिक कर्तव्यच्युतीत असून आज ती परिस्थिती उरलेली नाही.' सांगितलं वरिष्ठांनी, लिहायचं मी. माझ्या बाबाबद्दल, माझ्या अक्षरात, आणि हे एकदा मंजूर झालं की कायमचं.

एक ओळ तरी लिही.

टिटवी


१७ जुलै

टिटवे,

ते वाक्य लिहू नकोस. ते खोटं आहे.

कार्डावरची सही माझी आहे. दुकान एक, आडनाव एक, म्हणून आम्ही दोघंही कार्डावर नुसतं आडनाव लिहायचो. तपासणाऱ्यांनी परवाना बघितला, परवाना दादाच्या नावावर होता, सही त्याचीच धरली.

त्या दिवशी दादा वर मशीनच्या खोलीत होता. ब्रेक नवा बसवला होता. वरून हाक मारून म्हणाला, "स्प्रिंग अंदाजानं लावलीय. तू फेरी मार, थांबताना सैल वाटली तर सांग, आवळतो." साडेचार वाजले होते. पाच वाजता मला एका मोठ्या कंपनीच्या साहेबानं एजन्सीसाठी बोलावलं होतं. दादाला सांगितलं नव्हतं, मिळाली तर सांगू म्हटलं. मी बटण दाबून लिफ्ट रिकामीच वर पाठवली आणि परत बोलावली. ब्रेक नीट लागला की 'ठक' असा आवाज येतो. 'थप्प' असा आला. माझे कान तेव्हाही हेच होते. मी ऐकलं, आणि घड्याळ बघितलं. आत बसलेल्या माणसाच्या पायाला ते पहिल्याच मजल्यावर कळलं असतं. मी वर ओरडलो, "मारली फेरी, मस्त आहे." सही केली आणि पळालो.

दुसऱ्या दिवशी ते झालं. दादानं एकच विचारलं, "बसला होतास ना?" मी म्हणालो, "हो." चौकशीत जाऊन त्यानं तेच सांगितलं. मग पहारेकरी बोलला. मी मागच्या बाकावर होतो. 'फेरी कुणी मारली' असं दादाला विचारलं तेव्हा तो गप्प राहिला, आणि त्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. वळला असता तर सगळ्यांना कळलं असतं.

एजन्सी मला मिळाली. वर्कशॉप, घर, अध्यक्षपद, सगळं त्या पाच वाजताच्या भेटीवर उभं आहे. लोक म्हणतात, गडी स्वतःच्या पायांवर उभा राहिला. मी ऐकून घेतो. शिवणकामवाल्या बाईंना हातानं चालवायचं मशीन दादानं नेऊन दिलं, असं मला नंतर कळलं. मी त्यांचा पत्ताही विचारला नव्हता.

परवाना गेला त्या दिवशी हत्यारांची पिशवी बंद करताना तो म्हणाला, "पहिली फेरी कुणी मारली हे ज्या लिफ्टबद्दल मला ठाऊक नाही, तिच्यात मी बसणार नाही." माझ्याकडे बघून नाही, पिशवीकडे बघून. त्यानंतर या विषयावर आम्ही एक अक्षर बोललेलो नाही. लग्नं केली, मुलं वाढवली, आईवडिलांना पोचवलं, पण हे नाही.

तू म्हणतेस मी त्याला झाकायला निघालो. मी मलाच झाकायला निघालो होतो. दर दुरुस्तीचं कार्ड माझ्या टेबलावर येतं आणि त्यावर छापलेलं असतं, पहिली फेरी कुणी मारली. एकतीस वर्षं रोज तो एक प्रश्न. संघटनेनं कलम काढायची गोष्ट काढली तेव्हा मला वाटलं, सुटलो. डेरेलिक्शन कुणाला दिला नव्हता ना, तो माझाच होता.

हे पत्र फाइलला लाव, नाहीतर फाडून टाक. तू ठरवशील तसं.

काका


२१ जुलै

काका,

शेवटची ओळ पुन्हा वाच. पत्र माझ्या हातात दिलंस आणि म्हणालास, तू ठरव. तू वर ओरडलास आणि पळालास. या वेळी वर बाबाच्या जागी मी आहे, एवढाच फरक.

पत्र सोबत परत पाठवते आहे. मी ते फाइलला लावलं तर तुझी फेरी मी मारल्यासारखं होईल. खणात ठेवलं तर तुझ्या वहीतल्या यादीत माझंही नाव येईल. दोन्ही मला नको आहे.

वरिष्ठांकडे गेले आणि म्हटलं, "यातला परवानाधारक माझे वडील आहेत. फाइल माझ्याकडून काढा." ते म्हणाले, "एकतीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीनं काय होतं? कोण बघतंय?" मी म्हटलं, "तरी काढा." लेखी मागितलं, लेखी दिलं. फाइल आता चार टेबलं पलीकडे आहे. ते वाक्यही तिच्याबरोबर गेलं, आणि पलीकडचे गृहस्थ ते लिहून मोकळे होतील, त्यांना काय त्याचं.

बाबाला काही सांगितलेलं नाही. काल त्याच्याबरोबर पाचही मजले चढले. तिसऱ्या मजल्यावर तो नेहमी थांबतो. मला वाटायचं, दम खातो. काल पाहिलं, शेजारून लिफ्ट खाली जात होती आणि तो मान तिरकी करून ऐकत होता. मी त्याची माफी मागितली. "कशाबद्दल?" म्हणाला. मी म्हटलं, डोकेदुखीबद्दल.

तुझी समिती दोन तारखेला आहे. शब्द तुझ्याकडे आहेत.

मी


३ ऑगस्ट

टिटवे,

काल बोललो.

इंग्रजीत चार पानं पाठ केली होती. "ऑनरेबल चेअरपर्सन" म्हटलं आणि थांबलो. अध्यक्षबाईंना विचारलं, माझ्या भाषेत बोललं तर चालेल का? म्हणाल्या, चालेल, पण मुद्द्याचं बोला. मी म्हटलं, मुद्दा एकच आहे. तुमच्यापुढच्या अहवालात डेरेलिक्शन ऑफ ड्यूटी हा शब्द आहे, तो चुकीच्या माणसापुढे लागलाय. तो माझा आहे, मला परत द्या.

तेव्हा सगळे सरळ बसले.

मग तुला लिहिलेलं पत्र खिशातून काढून वाचून दाखवलं. फक्त 'टिटवे' गाळलं. कंपनीचा वकील उठून म्हणाला, आमच्या साक्षीदारांची तब्येत आज ठीक दिसत नाही. मी म्हटलं, वकीलसाहेब, मॅलिंगर माझा स्टोअरकीपर आहे, मी ठणठणीत आहे. युनियनच्या बाईंनी आपलं भाषण घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, मला काही बोलायचं नाही.

कलम तूर्त राहिलं. वर्षभरानं पुन्हा बघणार आहेत. तो जुना निष्कर्ष 'अनल' करा म्हणालो, तर अध्यक्षबाई म्हणाल्या, ते या समितीच्या हातात नाही. झालेलं झालं नव्हतं असं त्यांना म्हणता येत नाही. पण माझा जबाब अहवालाला कायमचा जोडला जाईल आणि त्याची प्रत परवानाधारकाला टपालानं जाईल. ते तुझ्या टिपणातलं वाक्य त्यांनी तिथेच आडवी रेघ मारून काढलं.

तेव्हा तुमच्या घरी पाकीट येईल. ते दादाला उघडू दे. तू आधी काही सांगू नकोस. हे मी तुझ्यावर ढकलत नाहीये, त्याला फोन मी केला होता. त्यानं उचलला, मी फक्त "दादा" म्हटलं. त्यानं "बरं" म्हणून फोन ठेवला.

संघटनेनं अध्यक्षपद काढून घेतलंय. कंपनी एजन्सीबाबत 'विचार करते आहे'. माझ्या परवान्याची चौकशी लागलीय. बोका म्हणाला, "साहेब, पडलात खरे, पण पायांवर." शिवणकामवाल्या बाईंचा पत्ता समितीच्या कारकुनाकडून घेतलाय. अजून गेलो नाही. जाणार आहे.

काका


१९ ऑगस्ट

धाकट्या,

समितीचं पाकीट मिळालं. वाचलं. पोरगी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, म्हणून आतल्या खोलीत जाऊन पुन्हा वाचलं. आठ दिवस उत्तर लिहीन म्हणत होतो. मला लांब लिहिता येत नाही, ते काम तुझं.

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचा ब्रेक थांबताना 'ठक' करत नाही. सहा महिने जिन्यातून ऐकतोय. दुरुस्तीला येतो तो पोरगेला माणूस फेरी मारतो, पण कानात गाणी घालून. सेक्रेटरीला सांगितलं, तर म्हणाला, तुम्ही कुठे लिफ्टमध्ये बसता?

सेक्रेटरीशीच बोलून तुझ्या नावानं परवानगी घेतली आहे. चौकशी संपेपर्यंत तुझा परवाना चालतो, असं पोरगी म्हणते. रविवारी सकाळी नऊला ये. स्प्रिंगचे पाने आण, माझे गंजले. मशीनच्या खोलीत मी नुसता उभा राहीन, हात लावणार नाही, मला परवाना नाही. वरचं काम झालं की तू खाली जा आणि फेरी मार. प्रत्येक मजल्यावर थांब, आणि पाय काय सांगतो ते मला वर ओरडून सांग. घाई नको. सैल वाटली तर वर येऊन आवळ, पुन्हा मार.

दुसऱ्या फेरीला मी बसेन.

कार्ड इथे आहे. सही तुझी लागेल. नुसतं आडनाव लिहू नकोस, पूर्ण नाव लिही.

दादा